सफारीभाऊ, हळू बोला

कुडव्यात गच्चीवर उभं राहून चारी दिशांना पाहिलं तर नजरेला आडवं येणारं काही नाही. एका अंगाला गोंदिया शहर. ते कुडव्याला इतकं येऊन भिडलं आहे की शहर कुठं संपलं नि गाव कुठं सुरू झालं, हे फक्त घरटॅक्सच्या पावतीवर कळतं. बाकी धानाच्या बांध्या, राईस मिलची धुराडी आणि त्यापलीकडे पुन्हा बांध्या. अशा सपाट मुलखातल्या माणसाला तलाव आवडावा, मासोळी आवडावी, फार तर नाक्यावरचा तर्री-पोहा आवडावा. सफारीभाऊंना पहाड आवडतो. जमीन गुडघाभर वर उचलली गेली तरी त्यांच्या लेखी तो पहाड, पहाडावर चार झाडं असली की जंगल, आणि जंगल असलं की तिथं मुक्काम झालाच पाहिजे.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आमच्या ओळीत सगळे सफारीभाऊच म्हणतात, आणि ते ऐकून त्यांना राग येत नाही, उलट ते शर्टाची कॉलर नीट करतात.

भाऊंची सगळी नोकरी राईस मिलमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. हलर चालू, इलिव्हेटर चालू, भुसा उडतो आहे, आणि त्यात ट्रकवरच्या हमालाला विचारायचं की किती कट्टे उतरले. हे काम मवाळ गळ्याच्या माणसाचं नव्हे. तीस-पस्तीस वर्षांत भाऊंचा आवाज मिलच्या मापाचा झाला, आणि मिल सुटली तरी आवाज सुटला नाही. ते घरात मीठ मागतात तेव्हा तिसऱ्या घरातली बाई मिठाचा डबा उघडते. आणि या माणसाला नाद लागला तो कशाचा, तर जिथं कुजबुजणंसुद्धा जास्त होतं त्या जागेचा.

त्यांच्या जाळ्यात सापडण्याची पद्धत ठरलेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो. ‘रविवारी काय करून राह्यले?’ अनुभवी माणूस सासऱ्याच्या तेरवीपर्यंत काहीही सांगून मोकळा होतो. नवखा ‘काही नाही’ म्हणतो आणि संपतो. ‘मंग चला नागझिऱ्याले. तुमी फक्त गाडीत बसा, बाकी माझ्यावर.’ आणि बाकी खरोखरच त्यांच्यावर असते. सफारीचं ऑनलाइन बुकिंग करायला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, म्हणून आमच्या ओळीतल्या बहुतेक घरांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स भाऊंच्या रेक्झीनच्या पिशवीत कायम मुक्कामाला असतात. एका पोराचा महाविद्यालयाचा प्रवेश कागदाअभावी अडला होता, तेव्हा त्याची आई आधी भाऊंकडं गेली.

निघायची वेळ पहाटे चारची. सामान बघून कुणालाही वाटावं की हे लोक घर बदलत आहेत. ताडपत्री, दोन चटया, पाण्याची कॅन, कणीक, तुपाची बरणी, हिरवी काटेरी वांगी, खलबत्ता आणि डिक्कीत तळाला पोतंभर गोवऱ्या. विदर्भातल्या माणसाला रानात गेल्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी आठवली नाही तर त्याच्या कुळाबद्दल शंका घ्यावी. आणि या सगळ्यावर एक निळी गुंडाळी: तंबू. चार माणसांचा, ऑनलाइन मागवलेला, आत मच्छरदाणी शिवलेला. तरुणपणी मिलमालकासोबत पचमढीला गेले असताना भाऊंनी कुणा परक्या माणसाला डोंगरकड्यावर तंबू लावून चहा पिताना पाहिलं होतं. तो कपातला धूर त्यांच्या डोक्यातून आजवर निघालेला नाही.

अडचण इतकीच की तंबू लावायला जागा नाही. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि पलीकडच्या भंडारा जिल्ह्यातलं कोका मिळून डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या वर त्याचा गाभा. तिथं गाडीतून पाय खाली ठेवायची परवानगी नाही, तर तंबूची खुंटी कोण ठोकू देईल? भाऊ दर वेळी गेटवर विचारतात. नम्रपणे विचारतात, म्हणजे फक्त गेटपुरतं ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

‘एकच रात्र जी. सकाळी काढून घेतो.’

‘भाऊ, आत वाघ आहे.’

‘त्याच्यासाठीच तं आलो.’

मग गेटवरचा पोरगा डिक्की उघडतो, गोवऱ्या बघतो, आणि त्याचा चेहरा उतरतो. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वनखात्याचा आगीचा हंगाम. जंगलात जाळरेषा कापून ठेवलेल्या असतात, मोह वेचणाऱ्यांना झाडाखालचा पाला पेटवू नका म्हणून गावोगाव सांगत फिरावं लागतं, आणि इथं हा गृहस्थ एप्रिलमध्ये पोतंभर सरपण घेऊन दारात उभा. गोवऱ्या गेटवर उतरतात. तंबू आत जातो, पण गुंडाळलेलाच. आजवर नागझिऱ्याच्या जेवढ्या फेऱ्या त्या तंबूनं केल्या तेवढ्या गोंदियातल्या कित्येक माणसांनी केल्या नसतील, आणि एकदाही त्यानं डोळे उघडून ते जंगल पाहिलेलं नाही.

जिप्सी सुरू झाली की भाऊंचा दुसरा अवतार. ते प्रवासी नसतातच, ते यजमान असतात. पाहुण्याला घरात फिरवून ‘हे देवघर, ही मोरी’ सांगावं, तसं त्यांचं ‘हा ऐन. हा बीजा. हा धावडा, पाहून घ्या. हे तेंदू, आपल्या गोंदियाची बिडी याच्यावर चालली’ सुरू होतं. पहिल्या रांगेत बसतात आणि पूर्ण उलटे वळून मागच्या रांगेकडं तोंड करतात, म्हणजे कुणी झोपलं तर कळावं. गाईड अधूनमधून म्हणतो, ‘सफारीभाऊ, हळू बोला.’ भाऊ मान डोलावतात आणि कुजबुजायला लागतात. त्यांचं कुजबुजणं साध्या बोलण्याहून वाईट, कारण त्यात हवा जास्त असते.

असंच एकदा नागझिऱ्याच्या तळ्याकडून परतताना त्यांनी रानकुत्र्यांचा विषय काढला. नागझिरा रानकुत्र्यांसाठी जुना नावाजलेला. भाऊ आमच्याकडं तोंड करून, समोरच्या वाटेकडं पाठ करून सांगत होते: रानकुत्रं भुंकत नाही, शीळ घालतं. अंग तांबूस, शेपूट काळं झुपकेदार. एकटं शिकारीला जात नाही, टोळी करून जातं. वाघसुद्धा टोळीच्या वाट्याला सहसा जात नाही. आणि ते ‘टोळी’ म्हणत असताना त्यांच्या पाठीमागं, गाडीपासून पंचवीस-तीस पावलांवर, बांबूच्या बेटातून एक तांबूस अंग वाटेवर आलं. मग दुसरं. मग चार एकदम. एकानं थांबून गाडीकडं पाहिलं, कान हलवले. एक पिल्लू मागं राहिलं होतं ते उड्या मारत आलं नि पुढच्याच्या शेपटाला तोंड लावून पळालं. ड्रायव्हरनं इंजिन कधी बंद केलं कळलं नाही. आम्ही सगळे श्वास धरून, डोळे विस्फारून भाऊंच्या खांद्यावरून पाहत होतो. आणि भाऊंना आयुष्यात प्रथमच असे श्रोते मिळाले होते. ते अधिकच रंगात आले, सांबराला पाण्यात कसं घेरतात ते दोन्ही हातांनी दाखवू लागले.

टोळी पलीकडच्या उतारात शिरली तेव्हा कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. भाऊंना शंका आली. वळून पाहिलं तर वाट रिकामी, धूळ तेवढी तरंगत होती.

‘गेले?’

‘गेले.’

‘किती होते?’

‘नऊ. आणि एक पिल्लू.’

मला वाटलं माणूस आता कपाळ बडवून घेईल. एवढ्या पहाटे उठून, पदरचा पैसा घालून आलेला माणूस. भाऊंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं, मागच्या रांगेतल्या पोराचं अजून उघडं असलेलं तोंड पाहिलं, आणि समाधानानं पाठ टेकली. ‘तुमी पाह्यले ना? झालं तं मंग.’ आणि पुढं गोंदियापर्यंत त्यांनी त्या टोळीचं वर्णन आम्हालाच ऐकवलं.

या माणसाच्या नादाचं मर्म मला तिथं दिसलं. बघण्यापेक्षा दाखवण्याची हौस मोठी. एकट्यानं जंगलात जायला सांगा, भाऊ जाणार नाहीत. कुणाला सांगितल्याशिवाय त्यांच्या लेखी सूर्य मावळत नाही.

वाघांची बातमीही ते घरच्यासारखी ठेवतात. नागझिऱ्यातला जय नावाचा वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात गेला, तिथं मोठा नावारूपाला आला आणि 2016 पासून कुणालाच दिसला नाही. त्याचा विषय निघाला की भाऊ पोरगा नोकरीसाठी नागपूरला गेला नि परत फिरकला नाही अशा सुरात बोलतात. 2023 च्या मे महिन्यात ब्रम्हपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा त्यांनी ओळीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, ‘ब्रम्हपुरीच्या सोयरिकी जमल्या.’ खुद्द भाऊंना वाघ दिसला आहे का, हा प्रश्न आमच्याकडं सभ्य माणूस विचारत नाही.

एक सल मात्र त्यांच्या मनात आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी येऊन ‘नागझिरा’ लिहिलं. किरण पुरंदरे या जंगलात 400 दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि तिथल्या तळ्यानं, तिथल्या माणसांनी त्यांची पुस्तकंच्या पुस्तकं भरली. भाऊ म्हणतात, ‘कोन पुन्याचा, कोन सोलापूरचा. आले, राह्यले, लिहून गेले. आपण इथले. आपण काय केलं? डबा खाल्ला.’ हे ते डबा उघडतानाच म्हणतात, त्यामुळे पश्चात्ताप फार वेळ टिकत नाही. मला विचाराल तर त्यात थोडं तथ्य आहे. गोंदियाचा माणूस महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरीसोबत फोटो काढतो आणि घराजवळच्या जंगलाला ‘तिकडं काय आहे, झाडंच तं आहेत’ म्हणतो. आमच्या ओळीतल्या पोरांनी सांबर आणि नीलगाय यांतला फरक शाळेत नाही, भाऊंच्या ओरडण्यातून शिकून घेतला.

नवेगावबांधच्या तळ्यावर भाऊ सर्वांत जास्त रमतात. तळं केवढं, तर पलीकडचा काठ पाहायला डोळे बारीक करावे लागतात. ते बांधल्याचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देतात. तळी बांधावीत कोहळ्यांनीच, ही या भागातली जुनी ख्याती. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. भाऊ एकेक बहीण बोटानं मोजून दाखवतात, पण दर वेळी सहा भरतात. सातवी कोणती यावर त्यांचं आणि तिथल्या नावाड्याचं जुनं भांडण आहे आणि दोघांनाही ते मिटवायचं नाही.

तिथूनच पुढं एकदा गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणावर जायचं ठरलं. व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर कुठंतरी तंबू लागेल अशी आशा. वाटेत गोठणगावजवळ तिबेटी वसाहत लागते, नॉर्ग्येलिंग. 1972 पासून ही माणसं हिमालय सोडून आमच्या धानाच्या मुलखात, आमच्या मे महिन्यात राहतात. प्रार्थनेच्या रंगीत पताका पाहून भाऊंनी गाडी थांबवली. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा माळ फिरवत बसले होते. भाऊंना वाटलं, पहाडाचा खरा जाणकार भेटला. जवळ गेले, नमस्कार केला आणि समोर दिसणाऱ्या प्रतापगडाकडं हात करून हिंदीत विचारलं, ‘बाबाजी, ये पहाड कैसा लगता है?’

बाबांनी माळ थांबवली. प्रतापगडाकडं पाहिलं. मग भाऊंकडं पाहिलं. तिबेटात जन्मलेल्या माणसानं त्या टेकडीबद्दल काय म्हणावं? पण ते मोठे दिलदार निघाले. ‘अच्छा है,’ म्हणाले, आणि जरा थांबून, ‘चढने में आसान है.’

भाऊ अख्ख्या रस्त्यात खूश. ‘पाह्यलं? तिबेटच्या माणसानं पास केला आपला पहाड.’

धरणावर तंबू उघडला, पण भिंतीवरून असा वारा आला की तंबूच आम्हाला घेऊन चालला. चौघं चार कोपरे धरून बसलो आणि भाऊ मधे उभे राहून किती कट्टे उतरले त्या आवाजात सूचना देत राहिले. अंधार पडायच्या आत गुंडाळावा लागला.

पावसाळ्यात नागझिऱ्याची सफारी बंद होते, तेव्हा भाऊ सालेकसा तालुक्याकडं वळतात. दरेकसा स्टेशन, रेल्वेचा बोगदा, हाजरा फॉल. धबधब्याखाली मात्र भाऊ गप्प असतात, कारण तिथं त्यांचाही आवाज चालत नाही. पाणी मिलपेक्षा मोठ्यानं पडतं. त्याच बाजूला कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे लाखो लोक तिथं पारी कुपार लिंगो आणि जंगोच्या दर्शनाला येतात. भाऊ एका यात्रेत हातात ट्रेकिंगची काठी, पायात बूट, पाठीवर पिशवी असे धापा टाकत चढत होते. शेजारून एक म्हातारी अनवाणी, डोक्यावर गाठोडं, कडेवर नातू घेऊन गेली. वर पोचल्यावर भाऊ तिला दृश्य दाखवायला लागले. ती म्हणाली, ‘पाहतो ना बाबू, तू बस आधी.’

शेवटी तंबू लागला तो कुडव्यातच, भाऊंच्या गच्चीवर. डिसेंबरातली थंडी, खाली गोवऱ्यांवर रोडगे, आणि आम्ही ओळीतली सगळी माणसं वर. भाऊंनी चारी दिशांचं दृश्य समजावून सांगितलं. पूर्वेला गोंदियाचे दिवे, पश्चिमेला मिलचा धूर. त्या रात्रीनंतर तंबू उतरलाच नाही. उन्हाळ्यात वहिनींनी त्याच्यात कुरड्या आणि मूगवड्या वाळत घातल्या. मच्छरदाणीतून वारा जातो, ऊन जातं, चिमणी जात नाही. ‘पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलं यांनी,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मुक्कामाची हौस भाऊंना आता उघड्यावर भागवावी लागते.

म्हणूनच त्यांनी बुद्ध पौर्णिमेच्या मचाणासाठी नाव दिलं, आणि सोबती म्हणून माझं. वैशाखातल्या पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर माणसं बसवतं. दुपारी चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, रात्रभर चांदण्यात पाण्यावर कोण कोण येतं ते कागदावर लिहायचं. बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. सोबतच्या वनरक्षकानं हे सांगितलं तेव्हा त्याचं लक्ष पूर्ण वेळ भाऊंवर होतं. त्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं असावं.

आणि भाऊ बोलले नाहीत. खरं सांगतो, त्या माणसानं मिलमध्ये जेवढे कष्ट घेतले नसतील तेवढे त्या रात्री घेतले. संध्याकाळी मोर आले. भाऊंनी माझा दंड धरला. चितळांचा कळप आला, दंड दाबला. अंधार पडताच जुन्या हिशेबवहीचं पान फाडून त्यावर पेन्सिलनं लिहिलं: ‘चितळ. मादी 6. पाहिली का?’ मी मान हलवली. पुन्हा चिठ्ठी: ‘नीट पाहा.’ मध्यरात्रीनंतर पलीकडच्या मोहाखालून एक काळा गोळा हलत हलत पाण्याशी आला. अस्वल. ते पाणी पिताना येणारा चपचप आवाज मचाणावर स्वच्छ ऐकू येत होता. चांदण्यात त्याच्या छातीवरचं पांढरं नालेसारखं चिन्ह क्षणभर दिसलं. भाऊंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि त्यांचे खांदे उचकी लागल्यासारखे हलत होते. वनरक्षकानं काळजीनं माझ्याकडं पाहिलं. मी खुणेनं सांगितलं की आजार नाही, आवाज आहे, तो बाहेर येऊ पाहतो आहे. पहाटेपर्यंत माझ्या मांडीवर चिठ्ठ्यांचा ढीग झाला. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकानं एकच होता: पाहून राह्यले ना?

उजाडलं. खाली उतरून वनरक्षकाच्या हाती नोंदीचा तक्ता द्यायचा होता. भाऊंनी तो मुनीमाच्या वळणदार अक्षरात, रेघा मारून, जमेच्या बाजूला जमा आणि तळाला बेरीज अशा रीतीनं भरला होता. मोर, चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘वाघ. जमा 0. येणे 1.’

वनरक्षकानं तक्ता दोनदा वाचला. ‘हे येणे काय आहे जी?’

‘बाकी आहे ना त्याच्याकडं आपली,’ भाऊ म्हणाले, आणि रात्रभर कोंडून धरलेल्या आवाजात उधारीचा हिशेब पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. पाणवठ्यावर उशिरा आलेली दोन चितळं मान वर करून एकदा आमच्याकडं बघून तशीच तहानेली पळाली, आणि भाऊ बोलताबोलता त्यांच्याकडं बोट दाखवून ओरडले, ‘ते पाहा, ते पाहा, चितळ!’